बसायला जागा

कमलबाईसाठी शंकरप्पानं सकाळपासून तिसरा खड्डा धरला, तेव्हा ऊन मानेवर आलं होतं.

पहिला खड्डा मांडीइतका झाला आणि फावड्याच्या पात्याला लुगड्याचा काठ लागला. हिरवा, नायलॉनचा, जसाच्या तसा. माती झटकून बघायची गरज नव्हती. सहा वर्षांमागं वीरभद्राच्या सुनेला त्यानंच तिथं बसवलं होतं. "चुकलो माय," म्हणत त्यानं काढलेली माती हातानंच परत लोटली आणि दोन पावलं सरकून दुसरा खड्डा धरला. तिथं हातभर खाली दोन कवट्या निघाल्या, एकीला एक टेकलेल्या. ही कोण माणसं, त्याला आठवेना. बापाच्या हातची असतील. तोही बुजवला.

चाळीस वर्षं तो बेलकुंडीच्या लिंगायतांचे खड्डे खणत होता. हे त्याचं पोटाचं काम नव्हतं. दीड एकराचा शेतकरी होता तो. पण बाप खणायचा, म्हणून तो खणायचा. त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात. म्हणून खड्डा अडीच हात चौरस, पुरुषभर खोल, आणि तळाला एका अंगाला कोनाडा लागतो. कोण कुठं बसलंय ते कुठल्या कागदावर नव्हतं, शंकरप्पाच्या डोक्यात होतं. वेशीकडच्या लिंबापासून इतकी पावलं, ओढ्याकडच्या बाभळीपासून इतकी. तीन वर्षांमागं ग्रामपंचायतीच्या गाळ्यांसाठी लिंब पडला आणि तेव्हापासून त्याचं पाऊल चुकायला लागलं.

तिसऱ्या खड्ड्यात कमरेइतकं गेल्यावर पहार खणकन वाजली. खाली पाषाण होता. तो पहार मारत राहिला. दर घावाला हाताला झिणझिण्या येत होत्या आणि बोटाएवढी कपची निघत होती. तेवढ्यात रस्त्याकडून टाळ ऐकू आले.

कमलबाईला खुर्चीवर बसवून आणलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूच्या माळा, हनुवटीला बांधलेली पांढरी पट्टी. ऐंशी वर्षांची बाई, हाडापेराची, हसतमुख. तिचा मुलगा रेवणसिद्ध कळंबला आडतीत मुनीम होता. त्याच्याबरोबर बाजारातली चार मोठी माणसं मोटारीनं आली होती. पांढऱ्या कपड्यातली ती माणसं सावली शोधायला लागली, पण सावली नव्हती. कुणीतरी छत्री उघडून कमलबाईच्या डोक्यावर धरली.

तास गेला. दुसरा गेला. वैशाखाचं ऊन. माळा सुकून काळ्या पडल्या. बाईची मान एका अंगाला कलली, पट्टी ढिली होऊन जबडा सुटला, आणि माशा बसायला लागल्या तशा बायकांनी पदरानं वारा घालायला सुरुवात केली. रेवणसिद्ध खड्ड्याच्या काठावर आला. तो वरडला नाही. हळूच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आप्पा, काल दुपारीच निरोप दिला होता तुम्हाला. होत नसंल तर सांगायचं की."

शंकरप्पा खड्ड्यात उभा होता. त्याचं डोकं रेवणसिद्धाच्या कमरेच्या बरोबरीला होतं. त्यानं टिकाव उचलला आणि पाषाणावर मारला.

शेवटी स्वामींनीच, आता पुरे, बसवा, असं सांगितलं. कमलबाईला बसवलं तेव्हा तिचं डोकं जमिनीपासून वीतभर खाली राहिलं. भस्म टाकलं, मीठ टाकलं, बेल वाहिला. माती ओढली ती वर उंचवटा करून ओढावी लागली. लोक पांगले. मोटार गेली. शंकरप्पा मात्र तिथंच बसून राहिला, कारण बाभळीखाली दोन कुत्री येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो आणि त्याची बायको नीलम्मा, दोघांनी पडक्या हौदाचे दगड डोक्यावरून आणून कमलबाईवर रचले. नीलम्मा सत्तावन्न वर्षांची. तिचे गुडघे गेले होते. दगड उचलायला ती आधी खाली बसायची, मग दगड मांडीवर घ्यायची, मग उठायची. एकोणीस खेपा झाल्या. मधे एकदा ती एवढंच बोलली की, म्हातारीच्या अंगावर एवढं ओझं तिच्या सासूनंबी घातलं नसंल.

बेलकुंडी हे तुळजापूरच्या पुढं, कर्नाटकच्या अंगाला असलेलं गाव. शंकरप्पाच्या बापाच्या वेळी नव्वद उंबरे होते, आता साडेसहाशे. तेव्हा लिंगायतांच्या मातीची जागा सव्वा एकर होती. हमरस्ता रुंद झाला तेव्हा पुढचा पट्टा गेला. मग पाण्याची टाकी आली. टाकीला पाणी कधी आलं नाही, पण जागा गेली ती गेली. मग गाळे. मग ज्यांना घर बांधायला कुठंच जागा नव्हती त्या तीन घरांनी कडेला पत्रे ठोकले, आणि त्यांना उठवा म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही, कारण ती आपलीच माणसं होती. आता चौदा गुंठे राहिले होते. त्यातले चार गुंठे महालिंगप्पांच्या घराण्याच्या कठड्याच्या आत. आत फरशी, सात बांधलेल्या समाध्या, वर छत्री. महालिंगप्पा म्हणजे गावचे जुने चेअरमन. माणूस वाईट नव्हता. लग्नाकार्याला धान्य द्यायचा, मठाला पत्रे त्यानंच दिले होते.

गावाचं गायरान होतं, डोंगराच्या पोटाला. पाच वर्षांमागं तिथं सोलरच्या प्लेटा बसल्या. निळ्या प्लेटांच्या ओळी, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं दिसायचं नाही. शंकरप्पाची सून शिवप्रिया पहाटे तिथं प्लेटा धुवायला जायची. गावाला टँकर चौथ्या दिवशी यायचा, प्लेटांना रोज यायचा. ती घरी येऊन सांगायची की धुतलेलं पाणी खालच्या मुरमात झिरपतं, एक थेंब उचलू देत नाहीत, आणि तिथं गवत कसं हिरवंगार आलंय. सांगताना तिचा आवाज चढायचा नाही. तिला तेवढंच काम होतं आणि पदरात दोन लेकरं होती.

तिचा नवरा उमाशंकर पुण्याकडं चाकणला कंपनीत. एका खोलीत आठ जण. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच गादीवर आडवे व्हायचे. कमलबाईचं ऐकून त्यानं फोनवर बापाला तोड सांगितली. विहिरीला लावतात तसल्या सिमेंटच्या कड्या आणायच्या, खाली एक माणूस, वर स्लॅब, त्याच्यावर दुसरा. "इथं जित्या माणसांचं तसंच हाय आप्पा," तो म्हणाला, "कुनी काय मरत न्हाय त्यानं."

शंकरप्पा हूं म्हणाला. फोन सुनेच्या हातात दिला.

पुढच्या सोमवारी मठात बैठक बसली. पुढं सतरंजीवर महालिंगप्पा, स्वामी, शिकलेली चार माणसं. मागं बाकीचे. दाराशी, चपला काढतात तिथं, ओढ्याकडच्या आळीतली माणसं, जी रोजानं जातात. शंकरप्पाला पुढं बोलावून बसवलं. तहसीलला दोनदा अर्ज झाले होते. उत्तर आलं होतं की गावठाणालगत सरकारी जमीन शिल्लक नाही. कुणी म्हणालं, ज्यानं त्यानं आपापल्या रानात न्यावं. पण रानं आता कुणाची होती? पाच भावांत अडीच एकर, बांधाला बांध लागलेला. एकानं माती द्यायची म्हटलं तर चौघे आडवे. एक तरुण पोरगा जाळायचं बोलला. मग एका म्हाताऱ्यानं सांगितलं की मराठ्यांची माणसं सरणाला लाकूड मिळंना म्हणून सोलापूरहून आणतायत, आपल्याला कोण देणार, आणि आपल्यात जाळत नसतात.

राहता राहिलं ते एकच. जुन्या जागा उकरायच्या. जे बसलेत त्यांना बाजूला करायचं आणि नव्याला तिथं बसवायचं.

"शंकरप्पाला ठावं हाय कुठली कवाची ते," महालिंगप्पा म्हणाले. "त्येनं दाखवायचं. बांधलेल्याला हात लावू नका, ते बरं दिसत न्हाय. ज्येची काय खूण न्हाय, तिथनं धरा."

पुढच्या ओळीतल्या माना हलल्या. शंकरप्पानं मागं दाराकडं बघितलं. खूण नसलेली सगळी माणसं तिथं बसलेल्यांची होती. एक जण आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता, एक चप्पल शोधत होता.

त्या दिवसापासून शंकरप्पाच्या घरी माणसं यायला लागली. वीरभद्र आला. ह्या साली त्याच्या वाट्याला चार पोती ज्वारी झाली होती, त्यातली पायलीभर घेऊन. सून अजून तशीच असंल, तिला काढू नका, म्हणाला. नीलम्मानं ज्वारी परत त्याच्या उपरण्यात बांधली आणि चहा देऊन लावून दिलं. रेवणसिद्धानं कळंबहून फोन केला, आईला कुणी हात लावला तर बघा म्हणाला. मग आवाज उतरवून, एवढ्या लवकर कुणाला उकरत नसतात ना आप्पा, असं विचारलं. ओढ्याकडच्या बायका येऊन नुसत्या उंबऱ्याशी बसायच्या. नीलम्मा धान्य निवडायची, त्याही सुपातले चार खडे वेचायच्या. जाताना एखादी म्हणायची, "आमचे मामा बाभळीच्या हिकडं हायत, न्हवं?" शंकरप्पा व्हय म्हणायचा. त्याला कळायचं, ती विचारत नाही, आठवण देतेय.

त्याचं जेवण तुटलं. रानात जाऊन रिकाम्या विहिरीच्या काठावर बसायचा. कोण कुठं बसलंय ते चाळीस वर्षं लोक त्याला विचारत होते आणि सांगताना त्याला बरं वाटायचं. आता वाटायचं, आपण विसरलो असतो तर बरं झालं असतं.

पंधरा दिवस कुणी मेलं नाही. सोळाव्या दिवशी शिवप्पा गेला.

शिवप्पा ओढ्याकडचा, पंचेचाळीसचा. सोलरवर टँकरचा पाइप ओढायच्या कामाला होता. दुपारी बारा वाजता प्लेटांच्या ओळीत बसला, तो उठला नाही. शिवप्रिया दोन ओळी पलीकडं होती. तिनं धावत जाऊन त्याच्या डोक्यावर बादली ओतली. त्याचं अंग तव्यासारखं होतं, पाणी पडलं तशी वाफ आल्यासारखं वाटलं, असं तिनं घरी येऊन सांगितलं. दवाखान्याची गाडी आली तोवर सगळं आटपलं होतं. मागं बायको राजेश्वरी आणि दोन पोरी, एक आठवीत, एक पाचवीत. माती सकाळी द्यायची ठरली.

चार वाजता शंकरप्पानं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि महालिंगप्पांच्या घरी गेला. ते आतल्या खोलीत कूलरसमोर आडवे होते. तो सोप्यात उभा राहिला. सुनेनं पाणी आणून दिलं, बसा म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं महालिंगप्पा बाहेर आले. शरणार्थ म्हणून नमस्कार झाला. शंकरप्पानं सांगितलं की कठड्याच्या आत, उगवतीच्या कोपऱ्यात फरशीखाली मोकळी जागा हाय, सात-आठ माणसं बसतील. तिथं कोणच बसलेलं न्हाय. फरशी काढायला तो आणि चार पोरं येतील, परत होती तशी बसवतील.

महालिंगप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "ती माझी जागा हाय शंकरप्पा. माझी, हिची आन् दोघा पोरांची. म्या उद्या कुठं जाऊ? ओढ्याकडं धरा की. तिथं कोन बोलणार हाय?"

"कोन बोलणार न्हाय, म्हणून तर आलो," शंकरप्पा म्हणाला.

महालिंगप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पायरीपर्यंत सोडलं. उन्हाचं जपा म्हणाले. हा हात खांद्यावर नसता तर बरं झालं असतं असं शंकरप्पाला वाटलं. शिवी दिली असती तर त्यालाही देता आली असती.

घरी आला तेव्हा नीलम्मा अंगणात तुरीच्या काड्यांच्या पेंढ्या बांधत होती. तो समोर दगडावर बसला. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. एक पेंढी बांधली, दुसरी घेतली.

"उद्या म्या आपली उकरणार," तो म्हणाला.

"आपली कोन?"

"नंदी."

नीलम्माचे हात थांबले. महानंदा त्यांची पहिली लेक. चार वर्षांची होऊन गेली, भूकंपाच्या आदल्या साली. नीलम्मा तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आळंदला होती. लेक इथं आजीजवळ. दोन दिवस जुलाब झाले आणि पोर गेली. निरोप पोचला तेव्हा उमाशंकर दोन दिवसांचा होता. ओल्या बाळंतिणीला कोण पाठवणार. ती परतली तेव्हा सव्वा महिना उलटला होता, घरात लेकीचं एक झबलं दोरीवर होतं, आणि शंकरप्पानं बाभळीजवळची माती तिला लांबून दाखवली होती. तेहतीस वर्षं ती त्या वाटेनं रानात जायची. जाताना पाय जरा हळू पडायचा, एवढंच.

"दुसरी कुनाची न्हाय?" तिनं विचारलं.

"हायत की. वीरभद्राच्या बापाची हाय. कुंभाराच्या म्हातारीची हाय. सगळ्या ह्येच्याहून जुन्या." तो थांबला. "त्येंला म्या काय म्हणून सांगू? आपली ठिवून?"

नीलम्मानं काडी मोडली. अर्धी पेंढी तशीच सोडून ती आत गेली. शंकरप्पाला वाटलं रडायला गेली. थोड्या वेळानं तो आत डोकावला, तर तिनं पेटी उघडली होती आणि लुगडी उलटून बघत होती. त्यातलं एक जुनं, मऊ झालेलं, तिनं मांडीवर घेतलं आणि दातानं काठ धरून टरकन फाडलं.

"म्या येणार," ती म्हणाली. "तुमच्या फावड्यानं न्हाय काढायची. हातानं."

उजाडताच दोघं गेली. बाभळीपासून अकरा पावलं. शंकरप्पानं कमरेइतकी माती पहारीनं मोकळी केली, मग फावडं बाजूला टाकलं. नीलम्माला हाताला धरून खाली उतरवलं. ती गुडघ्यावर बसली, कळ आली तशी ओठ चावून बसली, आणि हातानं माती ओढायला लागली. माती मुरमाड, कोरडी. तिच्या नखात खडे शिरत होते. शंकरप्पा काठावर उकिडवा बसला होता. आपण काय करावं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो घमेलं भरलं की वर ओढायचा.

फार काही राहिलेलं नव्हतं. चार वर्षांच्या हाडांचं काय राहणार. काड्यांसारखी काही, कवटीच्या खापऱ्या, बारके दात. नीलम्मानं एक दात बोटावर घेऊन बघितला. तिला आठवला तो. वरचा पुढचा, जरा पुढं आलेला. हातातल्या प्लास्टिकच्या बांगड्या मात्र होत्या तशा होत्या, लाल, एका हाताच्या तीन, एका हाताच्या दोन. लिंगाची डबी काळी पडली होती. नीलम्मानं ती पदरानं पुसली. सगळं फाडलेल्या लुगड्यात गोळा केलं, चाळल्यासारखी माती परत परत बघितली, आणि गाठोडं बांधलं. मग ती तशीच बसून राहिली.

"वर ये," शंकरप्पा म्हणाला. "मला खोल न्यायचाय."

ती वर आली. बाभळीखाली गाठोडं मांडीवर घेऊन बसली. शंकरप्पानं खड्डा रुंद केला, पुरुषभर खाली नेला, कोनाडा कोरला. जागा चांगली होती, पाषाण लागला नाही. तेहतीस वर्षांमागं त्यानं ती म्हणूनच निवडली होती. घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते. मधे मधे तो डोकं वर काढून बायकोकडं बघायचा.

शिवप्पाला आणलं तेव्हा फार माणसं नव्हती. रोजावर गेलं नाही तर दुसरा माणूस भरतात, म्हणून बरेच जण कामाला गेले होते. महालिंगप्पांनी माळ पाठवली होती. शिवप्पाला खाली उतरवलं, मांडी घालून बसवलं, डावा हात मांडीवर, त्यात लिंग. स्वामींनी मंत्र म्हटले. राजेश्वरी दोन्ही पोरींना धरून काठावर उभी होती. तिनं बाभळीखाली बघितलं. नीलम्मा कुणाच्या मधे आली नव्हती. गाठोड्यावर पदर ओढून, कुणाचं तरी लेकरू उन्हातून झाकावं तशी बसली होती.

राजेश्वरीनं शिवप्रियाला विचारलं, ते काय हाय म्हणून. शिवप्रियानं सांगितलं. पोरगी चार वर्षांची होती, ही जागा तिची होती, असंही सांगितलं. ओढ्याच्या काठाला वेगळा लहान खड्डा घ्यायचा आप्पांचा विचार हाय, पण तिथं पाणी आलं की वाहून जातं.

राजेश्वरी पोरींचे हात सोडून बाभळीखाली गेली. नीलम्मासमोर बसली. कालपासून रडून तिचा आवाज गेला होता, घोगरा येत होता.

"अक्का, द्या हिकडं," ती म्हणाली. "ह्येंच्या मांडीवर देते. दोन पोरी खेळवल्यात ह्येंनी. सांभाळतील."

नीलम्मानं लगेच दिलं नाही. गाठोड्याची गाठ सोडून परत बांधली, घट्ट. मग दिलं. राजेश्वरीनं ते शंकरप्पाजवळ नेलं. शंकरप्पा खड्ड्यात उतरला. शिवप्पाचा उजवा हात ताठला होता. तो त्यानं हळूहळू कोपरातून वळवला, गाठोडं मांडीवर ठेवलं आणि हात त्याच्यावर आणला. स्वामी काही म्हणणार होते. म्हणाले नाहीत. त्यांनी दोघांवर मिळून भस्म टाकलं.

माती द्यायची वेळ आली तेव्हा राजेश्वरीनं नीलम्माला पुढं केलं. नीलम्मानं मूठ भरून घेतली. तिच्या बोटांची नखं फुटली होती. मूठ उघडायला तिला वेळ लागला. लोक थांबले. कुणी घाई केली नाही.

त्या साली पावसाळा यायच्या आत गावात आणखी पाच माणसं गेली. शंकरप्पानं कुणालाही खूण दाखवली नाही. ज्या घरचं माणूस जायचं, ते घर येऊन विचारायचं, आमचं जुनं कोन कुठं हाय, आणि आपलंच उकरायचं. वीरभद्रानं बाप काढला आणि चुलत्याच्या मांडीवर दिला. कठड्याच्या आत कुणी हात लावला नाही. त्याबद्दल मठात कुणी बोललंही नाही, पण महालिंगप्पा मातीला यायचे बंद झाले. मिरगाच्या सुमाराला एक जण म्हणाला, पुढच्या वेळी ज्यांच्या घरचं आधीचं कोणच न्हाय त्यांनी काय करायचं, सोलरवर आलेली परगावची माणसं हायत, त्यांनी कुठं जायचं?

पण शिवप्पाच्या मातीच्या दिवशी हे सगळं पुढं होतं. त्या दिवशी दोघं घरी परतली ती भर दुपारी. मातीला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात जात नाहीत. शिवप्रियानं मागच्या अंगणात एक कळशी ठेवली होती. एवढंच हाय म्हणाली, नि लेकरांना घेऊन आत गेली. नीलम्मा दगडावर बसली. शंकरप्पानं तांब्या भरला आणि तिच्या हातांवर धार धरली. नखातली माती निघेना. ती बोटं चोळत राहिली.

"आपण दोघं कुठं वो?" तिनं विचारलं. "आपली तर दिली."

शंकरप्पानं तांब्या खाली ठेवला. बाभळीपासून, टाकीपासून, ओढ्यापासून सगळी पावलं त्यानं मनातल्या मनात मोजून बघितली. परत मोजून बघितली.

"शिवप्पाच्या डाव्या अंगाला एक निघंल," तो म्हणाला. "एकच."

"मग?"

"मग काय. आधी जाईल त्येनं जरा सरकून बसायचं."

नीलम्मा त्याच्याकडं बघत राहिली. हसली नाही. मग तिनं त्याच्यासमोरचा तांब्या उचलला, कळशी वाकडी करून तळचं पाणी त्यात ओतलं, आणि खाली वाका म्हणाली. शंकरप्पा वाकला. तिनं त्याच्या मानेवरून ते पाणी हळूहळू सोडलं.